जयपूरला आलेले देव आणि माणसे

जयपूरच्या मुख्य बसस्थानकाचे नाव सिंधी कॅम्प. दिल्लीची, आग्र्याची, जोधपूरची गाडी तिथूनच सुटते आणि तिकिटावर रोज हजारो वेळा छापले जाणारे ते नाव १९४७ नंतर सिंधमधून उठून आलेल्यांच्या छावणीचे आहे, हे तिकीट घेणाऱ्याच्या मनातही येत नाही. तिथून दोन-तीन किलोमीटरवर, जुन्या शहराच्या पोटात, गोविंददेवाचे देऊळ आहे. तो देवही मूळचा इथला नाही. वृंदावनातून हलवलेला, वाटेत चाळीसेक वर्षे गावोगाव मुक्काम केलेला आणि शेवटी इथे स्थिरावलेला. अशा कथा आपण बहुधा एकाच बाजूने वाचतो: छळले कोणी, मागे काय राहिले, जीव कसा वाचला. ते वाचन खोटे नाही, पण अपुरे आहे. दार कोणी उघडले, का उघडले, त्याबदली काय मागितले आणि त्याच सुमारास कोणासाठी ते बंद राहिले, हे विचारल्यावाचून विस्थापनाची कथा पुरती कळत नाही, असे माझे मत आहे. ते तपासायला जयपूरइतका सलग पुरावा देणारी शहरे थोडी असतील.

गोविंददेवाची हकिगत मुळापासून पाहू. सोळाव्या शतकात चैतन्यांचे शिष्य रूप गोस्वामी यांना ही मूर्ती वृंदावनात सापडली, असे परंपरा मानते. आमेरचा राजा मानसिंह याने तिच्यासाठी तांबड्या दगडाचे प्रचंड देऊळ बांधले. त्यावरच्या शिलालेखाचे साल १५९० आहे. मानसिंह अकबराचा मोठा सेनापती होता आणि वृंदावनातल्या देवळांना अकबराच्या फर्मानांनी जमिनी मिळालेल्या होत्या. म्हणजे हे देऊळ उभे राहिले तेच मोगल सत्तेच्या सावलीत. १६६९ मध्ये औरंगजेबाने देवळे पाडण्याचा हुकूम काढला, १६७० मध्ये मथुरेचे केशवदेवाचे देऊळ जमीनदोस्त झाले आणि वृंदावनातल्या गोसाव्यांनी आपापले देव उचलले. गोविंददेव राधाकुंड, कामां अशा ठिकाणी फिरत राहिले. आमेर खरे तर त्यांच्या यजमानाचे घर, पण देव तिकडे लगोलग गेले नाहीत. या दिरंगाईचे कारण मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते आमेरच्या मिर्झाराजे जयसिंहाचा मुलगा रामसिंह याच्या जबाबदारीतून. बादशहाची मर्जी उतरली आणि पुढे रामसिंहाची रवानगी आसामच्या मोहिमेवर झाली. त्याचा कुळदेवच म्हणावा असा देव वृंदावनातून निघाला तेव्हा रामसिंह त्याच बादशहासाठी ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात लढत होता. अशा माणसाने देवाला उघडपणे राजधानीत आणणे शक्यच नव्हते. कामां आमेरच्याच एका शाखेकडे होते, म्हणून तिथे आडोसा मिळाला. १७०७ मध्ये औरंगजेब वारला, त्यानंतर मूर्ती टप्प्याटप्प्याने आमेरकडे सरकली, घाटाखालच्या कनकवृंदावनात राहिली आणि अखेर आमेरचा राजा सवाई जयसिंह याच्या जयनिवास बागेत आली. १७२७ मध्ये याच बागेभोवती जयपूर शहर आखले गेले. गोविंददेवाच्या देवळाला शिखर नाही; ती राजवाड्याचीच बारादरी आहे, राजाच्या चंद्रमहालातून थेट दर्शन व्हावे अशी. मंगलेपासून शयनापर्यंत दिवसाच्या सात झांक्या, म्हणजे दर्शने, होतात आणि जयपूरच्या माणसाचा दिवस अजूनही त्यांवर बेतलेला असतो.

इथवरची कथा शहर अभिमानाने सांगते. तिचा पुढचा भाग मात्र पंडितांच्या ग्रंथांत पडून राहतो. जयपूर दरबाराच्या कपडद्वारा दप्तरातले आणि देवळाचे कागद अभ्यासकांनी प्रसिद्ध केले आहेत. मोनिका होर्स्टमन यांनी गोविंददेवाच्या कागदपत्रांचा संग्रह १९९९ मध्ये छापला. ते पाहिले की आश्रय फुकट मिळालेला नव्हता, हे लख्ख दिसते. सवाई जयसिंहाला धर्माची घडी शास्त्राला धरून नीट बसवायची होती. त्याने वैष्णव पंथांकडून जातिनियम पाळण्याच्या लेखी कबुल्या घेतल्या, बैराग्यांच्या शस्त्रधारणेला आळा घातला, त्यांनी संसार थाटावा असा आग्रह धरला. चैतन्यांच्या अनुयायांना विचारले गेले की तुमच्या पंथाला ब्रह्मसूत्रांवर स्वतःचे भाष्य कुठे आहे. ते नसेल तर मान्यता कशी द्यायची? बलदेव विद्याभूषणांचे 'गोविंदभाष्य' या निकडीतून लिहिले गेले, आणि तो वाद जयपूरजवळच्या गलता येथे झाल्याचे परंपरा सांगते. राधेला कृष्णाशेजारी बसवायचे तर ती त्याची विवाहिता मानायची की नाही, यावरही दरबारात वाद झाला. प्रेमाच्या उत्कटतेवर उभा राहिलेला एक पंथ राजाच्या अंगणात येताच त्याला आपली कागदपत्रे सादर करावी लागली. आजच्या निर्वासिताला याहून वेगळे काय करावे लागते? त्याच काळात जयसिंहाने महाराष्ट्रीय पंडितांना मानाने ठेवून घेतले होते. 'जयसिंहकल्पद्रुम' लिहिणारे रत्नाकर पौंडरीक आणि युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणणारे सम्राट जगन्नाथ, दोघेही आपल्याकडचे. ते जीव मुठीत धरून पळत आले नव्हते, विद्येसाठी बोलावले गेले होते. तरी त्यांचे आणि गोविंददेवाच्या गोसाव्यांचे स्थान एकाच प्रश्नावर ठरत होते: राजाच्या मनातल्या राज्याला यांचा उपयोग किती?

यावर पहिला आक्षेप असा येईल की आश्रयदात्याच्या हेतूंची अशी झडती घेतल्याने मूळ अन्याय करणाऱ्याचा दोष हलका होतो. मला तसे वाटत नाही. वृंदावनच्या देवळाचा वरचा भाग आजही नाही. तो कोणाच्या राजवटीत गेला, याबद्दल शंकेला जागा नाही. पण अन्यायाची नोंद पक्की करण्यासाठी आश्रयाची नोंद पुसून टाकावी लागत नाही. उलट ती पुसली की अन्यायाचेही आकलन चुकते. याचे आपल्या घरचे उदाहरण गोव्यात आहे. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या तालुक्यांत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले, आणि त्या दशकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला नेली गेली. लोकांनी रात्री नदी ओलांडून देव नेले, ही आठवण गोव्यात घराघरात आहे. पण नदीच्या पलीकडे राज्य कोणाचे होते? ही नवी ठिकाणे ज्यात आहेत तो अंत्रुज महाल तेव्हा विजापूरच्या आदिलशहाकडे होता. ख्रिस्ती राजाच्या मुलखातून हिंदू देव मुसलमान राजाच्या मुलखात आले आणि तिथे टिकले. हे सांगितल्याने इन्क्विझिशनची क्रूरता कमी होत नाही. फक्त धर्म एवढ्या एकाच खुणेवरून छळणारा आणि आसरा देणारा ओळखता येतो, हा समज टिकत नाही. त्यातच आणखी एक गोष्ट आहे. धर्म बदललेली गोमंतकीय कुटुंबेही इन्क्विझिशनच्या जाचातून सुटायला कानडा मुलखात उतरली. मंगळूरच्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग त्यांचाच. त्यांच्यामागे वाहून न्यायची मूर्ती नव्हती, म्हणून त्यांच्या पलायनाची जत्रा भरत नाही.

देव नेहमी पळूनच येतो असेही नाही. आमेरच्या किल्ल्यातली शिलादेवी मानसिंहाने बंगालच्या सुभेदारीवर असताना जेसोरकडून आणली, असे सांगतात. तिच्यामागून बंगाली पुजारी आले. खाली दरीत शरण आलेला देव आणि वर किल्ल्यात जेत्याने आणलेली देवी, अशी दोन्ही स्थळे एकाच घराण्याने एकाच भक्तीने सांभाळली. भक्तांच्या दृष्टीने यात विसंगती नाही. देवीने स्वप्नात येऊन स्वतःच मला ने असे सांगितले, ही कथा तयार असते. पण जिथून ती आली त्या गावाची कथा जयपूरला कोणी विचारत नाही. आणि मराठी माणसाने जयपूरला बोट दाखवण्याआधी आपलेही पान उलटावे. जयसिंहाच्या मृत्यूनंतर ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या भावांच्या वारशाच्या भांडणात शिंदे-होळकर उतरले ते खंडणीसाठी. मल्हारराव होळकर चालून येत असताना, डिसेंबर १७५० मध्ये, ईश्वरीसिंहाने विष घेतले. पुढच्याच महिन्यात शहर पाहायला, खरेदीला आत आलेल्या मराठ्यांवर लोक तुटून पडले आणि वेशी लावून मोठी कत्तल झाली. मारले गेलेल्यांत निःशस्त्र माणसे होती, यात्रेकरूंसारखी हिंडणारी होती. मराठी बखरींच्या लेखी हा विश्वासघात, जयपूरच्या लेखी छळाचा सूड. दोन्ही बाजू देवभक्त होत्या, दोन्ही बाजूंना अन्याय सोसल्याची खात्री होती. एकाच घटनेत सोसणारा आणि सोसायला लावणारा इतके मिसळलेले असतील, तर 'अन्यायातून वाचलेल्यांची कथा' हा शब्दप्रयोग वापरताना जीभ थोडी अडखळली पाहिजे.

आसरा देणाऱ्या शहराने हुसकावणाऱ्याची भूमिका घेतली त्याला दीडशे वर्षेच लागली. जयपूरमध्ये गौडीय, म्हणजे चैतन्य परंपरेच्या, देवांप्रमाणे वल्लभ संप्रदायाचेही देव येऊन राहिले होते. गोकुळचंद्रमा आणि मदनमोहन ही त्यांतली दोन प्रमुख स्वरूपे. महाराजा रामसिंह दुसरा शैव मताकडे झुकला आणि १८६० च्या दशकात त्याने वैष्णव पंथांना त्यांच्या आचारांबद्दल शास्त्रीय प्रश्नांची यादी धाडली, कपाळावर त्रिपुंड्र हा शैव टिळा लावण्याचा आग्रह धरला. वल्लभकुळातल्या गोस्वामींनी नकार दिला आणि देव उचलून शहर सोडले. दोन्ही स्वरूपे पुढे बिकानेरमार्गे कामांला गेली. आजही ती तिथेच आहेत. या प्रसंगात परका धर्म नाही, तलवार नाही, पाडलेले देऊळ नाही. आहे ती फक्त एका सुधारणावादी, आधुनिक म्हणून गौरवलेल्या राजाची प्रश्नावली. शहराच्या पाटीवर रामसिंहाची नोंद गुलाबी रंगासाठी होते, या हकालपट्टीसाठी होत नाही. गोविंददेव आला हे जयपूरला पाठ आहे, गोकुळचंद्रमा गेला हे नाही. आगमनाची कथा यजमान जपतो. निर्गमनाची कथा जपायची तर गेलेल्यालाच जपावी लागते, आणि त्यासाठी त्याच्यापाशी गादी, हवेली, शिष्य आणि पोथ्या असाव्या लागतात.

इथे दुसरा आक्षेप रास्त आहे: देवाच्या मूर्तीचा प्रवास आणि माणसाची परवड एकाच तागडीत कशी घालता? मूर्तीला भूक नसते. खरे आहे, पण मूर्ती एकटी प्रवास करत नाही. तिच्यामागे गोसाव्यांची कुटुंबे, आचारी, कीर्तनी, फुलमाळी, गाई राखणारे, वस्त्रे शिवणारे असा लवाजमा निघतो; देव मुक्कामाला थांबला की त्यांचेही घर तिथे पडते. मूर्तीची कथा ही या सगळ्यांच्या विस्थापनाची संक्षिप्त नोंद आहे, आणि ती संक्षिप्त असल्यामुळेच तीत माणसे दिसेनाशी होतात. १९४७ मध्ये हेच पुन्हा घडले, यावेळी दिवसाउजेडी. मुलतानच्या दिगंबर जैनांनी आपल्या मूर्ती आणि हस्तलिखिते विमानाने आणली आणि जयपूरच्या आदर्शनगरात त्यांचे देऊळ बांधले. सिंधमधल्या टंडो आदमला स्वामी टेऊंराम यांनी प्रेमप्रकाश मंडळाचा दरबार वसवला होता. ते १९४२ मध्ये वारले, फाळणीनंतर त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी जयपूरला अमरापूर स्थान उभे केले आणि सिंधी समाजाला नवा पत्ता मिळाला. जुन्या शहराच्या तटाला लागून बापू बाजार, नेहरू बाजार अशा नव्या ओळी निघाल्या त्यांत निर्वासितांना दुकाने मिळाली. आलेल्यांना 'शरणार्थी' हा शब्द झोंबायचा. ते स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवत. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंध्यांना आपल्याकडे 'निर्वासित' म्हटले गेले. १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले तरी तो शब्द पुढे कित्येक वर्षे लोकांच्या तोंडी राहिला. नाव कोणी ठेवायचे, याचाही हा झगडा होता, आणि त्यात यजमानाचा शब्द बहुधा जिंकतो.

पण सिंधी-पंजाबी पुनर्वसनाची यशोगाथा सांगताना एक कायदा समोर ठेवायला हवा. १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) कायद्याखाली नुकसानभरपाई मिळाली ती मागे सोडलेल्या मालमत्तेच्या सिद्ध झालेल्या दाव्यावर. ज्याची हवेली गेली त्याचा दावा मोठा, ज्याचे दुकान गेले त्याचा लहान, आणि जो दुसऱ्याच्या शेतावर हारी म्हणून राबत होता त्याने गमावलेले कागदावर मांडताच येत नव्हते. दुसरे असे, की ही भरपाई ज्या साठ्यातून दिली गेली त्यात पाकिस्तानात गेलेल्या मुसलमानांची घरे आणि जमिनी होत्या. एकाचे पुनर्वसन दुसऱ्याच्या रिकाम्या घरात झाले. ज्यांची घरे रिकामी झाली त्यांचीही विस्थापनकथा आहे, ती आता कराचीत आणि सिंधच्या हैदराबादेत सांगितली जाते. जयपूर संस्थानच्या शेखावाटी भागात, लूणा गावी, कलावंतांच्या घरात १९२७ मध्ये जन्मलेले मेहदी हसन फाळणीनंतर तिकडे गेले आणि सुरुवातीला सायकली दुरुस्त करून पोट भरत होते. त्यांच्या गझलांवर जीव टाकणाऱ्या भारतीय श्रोत्यालाही हे फारसे आठवत नाही की तो आवाज राजस्थानातून उठून गेलेल्या एका निर्वासिताचा आहे.

आजचे काय? २०१६ मध्ये केंद्राने देशातल्या १६ जिल्ह्यांच्या प्रशासनाला पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. त्यांत जयपूर, जोधपूर, जैसलमेर होते, तसेच मुंबई, ठाणे, पुणे, नागपूरही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने ३१ डिसेंबर २०१४ ही भारतात येण्याच्या तारखेची मर्यादा आखली आणि त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले. या कायद्याचे समर्थक म्हणतात की छळलेल्याला त्याच्या धर्माच्या देशाने आसरा देणे स्वाभाविक आहे. भावना समजते, पण वास्तव तिच्याशी जुळत नाही. सिंधमधून अलीकडे राजस्थानात येणाऱ्यांत भिल्ल आणि मेघवाळ फार आहेत, भूमिहीन आहेत. मे २०२३ मध्ये जैसलमेरजवळ अमरसागर येथे अशाच हिंदू स्थलांतरितांची घरे अतिक्रमण म्हणून बुलडोझरने पाडली गेली. गवगवा झाल्यावर दुसरीकडे जागा देण्याची हालचाल झाली. धर्म एकच असूनही त्यांचे छप्पर वाचले नाही. जात आणि जमिनीचा पट्टा आडवे आले. जयपुरातही २००८ च्या बॉम्बस्फोटांनंतर बंगाली बोलणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या वस्त्यांवर संशयाची नजर वळली. बंगाली बोलणारा म्हणजे बांगलादेशी, असे समीकरण त्यात होते. ज्या शहराची आखणी विद्याधर भट्टाचार्य या बंगाली वंशाच्या माणसाच्या नावे सांगितली जाते, ज्याच्या लाडक्या देवाची सेवा चैतन्य परंपरेतले गोसावी करतात, त्या शहरात हे घडले. भाषा तीच होती. दाराशी उभ्या असलेल्याच्या हातात काय आहे, एवढाच फरक होता.

मग शेवटचा आणि सर्वांत जड आक्षेप: सगळा आसरा जर हिशेबी असेल, तर श्रद्धेचे बळ म्हणून काही उरते की नाही? उरते, आणि ते कमी लेखायचे कारण नाही. गोसावी चाळीस वर्षे देव घेऊन हिंडले ते हिशेबाने नव्हे. टंडो आदमहून फक्त नेसत्या कपड्यांनिशी निघालेल्या माणसाला नव्या गावात आपला दरबार सापडला तेव्हा जे वाटले असेल, ते कोणत्याही कायद्यात मावत नाही. श्रद्धेने माणसे एकत्र राहिली, भाषा टिकली, लग्ने जमली, उधारीवर माल मिळाला. वाचवण्याचे काम श्रद्धा करते, हे मान्य. पण तीच श्रद्धा दुसऱ्याला दार उघडेल, याची हमी इतिहास देत नाही. आणि ज्यांना उभे राहायला पंथ नाही, देव उचलायला पालखी नाही, त्यांची नोंद ठेवण्याचे काम श्रद्धेवर सोडून चालत नाही. ते इतिहासकाराला, पत्रकाराला, सरकारी दप्तराला करावे लागते.

या लेखात कामां हे नाव तीनदा आले. राजस्थानच्या पूर्व सीमेवरचे, व्रजाच्या परिक्रमेतले हे गाव. गोविंददेव इथे थांबून पुढे गेले. त्यांच्यासोबत आलेली वृंदादेवी मात्र हलायला तयार झाली नाही आणि इथेच राहिली, असे भक्त मानतात. जयपूरने घालवलेल्या वल्लभ संप्रदायाच्या दोन स्वरूपांनाही अखेर इथेच जागा मिळाली. कामां ज्या मेवातात आहे तो मेव मुसलमानांचा मुलूख; १९४७ मध्ये कामां भरतपूर संस्थानात होते. त्या वर्षी भरतपूर आणि अलवर संस्थानांत मेवांच्या कत्तली झाल्या, संस्थानी फौजेचा त्यांत हात होता, हजारो कुटुंबे गुडगावच्या बाजूला पळाली. १९ डिसेंबर १९४७ रोजी गांधीजी मेवातातल्या घासेड्याला गेले आणि मेवांना पाकिस्तानात जाऊ नका, हा देश तुमचा आहे असे सांगून आले. सहा आठवड्यांत त्यांचाच खून झाला. १९४८ मध्ये नेहरूंच्या विनंतीवरून मेवांना परत वसवण्याच्या कामाला विनोबा भावे लागले. ते गावोगाव गेले तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न दुष्टाला हुडकण्याचा नव्हता. मेवांच्या सोडलेल्या जमिनी मधल्या काळात पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांना वाटल्या गेल्या होत्या. परत आलेला मेव शेताच्या एका बांधावर उभा होता, आणि दुसऱ्या बांधावर, सगळे गमावून आलेला, नुकतीच पेरणी केलेला दुसरा शेतकरी.